आमच्या आडाचे पावडरसाहेब

साहेबांच्या साठीचं पुस्तक निघणार आहे आणि त्यात तुमचेही चार शब्द हवेत, असं सांगायला गौरव समितीची मंडळी आमच्या दारी आली, तेव्हा मी हळदीची कांडी निवडत बसले होते. मी म्हटलं, "बाबांनो, मला लिहिता येत न्हाई अन् गोड बोलता येत न्हाई. दोन्ही उणिवा एकाच बाईत." तर म्हणाले, तुम्ही बोला, लिहील सून. सून सुलोचना मॅट्रिकपर्यंत शिकलेली आहे. तिने एकच अट घातली, की आत्या, साहेबांना अहो-जाहोच करायचं आणि त्यांची थट्टा करायची नाही. अर्धी अट मी मान्य केली.

श्री. नागोराव देवणीकर आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर होते. त्यांच्या नोकरीचं, सभांचं, सत्कारांचं थोर मंडळी लिहितीलच. मी आमच्या वस्तीपुरतं सांगते. आमचं गाव हिंगोलीहून कळमनुरीला जाताना लागतं. गावाच्या उगवतीला आमची बौद्धवस्ती, आणि वस्तीच्या मधोमध आमचा स्वतःचा आड. साहेब कोण आहेत हे कळायचं असेल, तर आधी हा आड कळला पाहिजे.

मी लग्न होऊन आले तेव्हा वस्तीत पाणी नव्हतं. गावच्या विहिरीच्या कठड्याखाली घागर घेऊन उभं राहायचं. वर कुणी पाणी शेंदायला आलं आणि त्यांच्या मनात आलं, तर ते वरून आमच्या घागरीत ओतायचे. मनात नाही आलं, तर घागर रिकामी आणि कंबर दुखती. पुढे आम्ही बुद्धाच्या धम्मात आलो आणि पहिलं काम काय केलं असेल, तर हा आड खोदला. मालक पहार मारायचे, मी टोपल्या वाहायची, आमचा पाच-सहा वर्षांचा पोरगा उत्तम काठावर बसून खडे मोजायचा. खडक लागला तेव्हा गावातली चार माणसं रोज बघायला यायची. त्यांना वाटायचं, काही पाणी लागत नाही यांना. लागलं. तेही गोड. मालक आता नाहीत, पण आडाच्या कठड्यावर त्यांनी स्वतः बसवलेली चिरेबंदी आहे. थोडी वाकडी आहे. ते माणूसही सरळ नव्हतं.

तर दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. आजूबाजूच्या गावांत पटकी सुरू झाली होती. एक दिवस सायकलवर एक गृहस्थ आले. डोक्यावर टोपी, सायकलच्या मागे पांढऱ्या पावडरीचं पोतं बांधलेलं, आणि त्यातली निम्मी पावडर विजारीवर सांडलेली. थेट आडाजवळ गेले आणि पोतं सोडायला लागले. मी धावत जाऊन कठड्यावर बसले.

"काय टाकून राहिले आमच्या पाण्यात?"

"औषध आहे, बाई. सरकारनं पाठवलंय."

"सरकारनं, का गावानं?"

साहेब समजले. दुसरा अंमलदार असता तर शिपायाला बोलावून मला हात धरून उठवलं असतं. साहेबांनी पोतं परत बांधलं, सायकल लिंबाला टेकवली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "आधी गावच्या विहिरीत टाकून दाखवतो. तुम्ही बघायला या. मग इथं." मी गेले. लांबून बघितलं. बादलीत पावडर कालवली, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी विहिरीत ओतलं आणि मग पोहरा सोडून वर-खाली, वर-खाली, अर्धा-पाऊण तास नुसतं ढवळणं. ग्रामपंचायतीचा नोकर दमला तेव्हा साहेबांनी स्वतः दोर घेतला. मग मी आमचा आड त्यांना मोकळा केला.

आमच्या आडाला ढवळायला सगळी वस्ती लागली. बाया, पोरी, म्हातारे, सगळ्यांनी दोर ओढला. मग साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "आता पाण्याला जरा वास येईल. घाबरायचं न्हाई. वास आला म्हणजे समजायचं, पाणी चांगलं आहे, औषध काम करतंय." हे वाक्य त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. पोरांकडून म्हणून घेतलं. वस्तीत पटकीने एकही माणूस गेलं नाही, तेव्हा ते वाक्य आमच्यात पक्कं बसलं. पोरं सकाळी पहिला पोहरा हुंगून सांगायची, आज पाणी सरकारी आहे. वास नसला तर म्हाताऱ्या कुरकुरायच्या, की साहेब आपल्याला विसरले. आणि साहेबांचं नाव पडलं पावडरसाहेब.

त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. रांजणात हात बुडवू नका म्हणून त्यांनी प्रत्येक घरी लांब दांड्याचं ओगराळं घ्यायला लावलं. पुढच्या खेपेला घरोघरी जाऊन ते ओगराळं कुठं टांगलंय हे बघायचे. माझं भिंतीला नव्हतं, तर मला म्हणाले, "गयाबाई, वस्तीत सगळे तुमचं ऐकतात, अन् तुमच्याच घरी हा कारभार." मी म्हटलं, "ओगराळं शेजारी गेलंय, येईल सांजेला, तुमच्यासारखंच फिरतीवर असतंय." हसले नाहीत. साहेब लवकर हसत नाहीत. सायकलवर बसून वळणापाशी गेले आणि तिथे हसले. मी बघितलं.

तिखट त्यांना अजिबात सोसत नाही. आमच्या घरी भाकरी आणि ठेचा घ्यायला बसले, की नाक पुसत पुसत खात आणि वर "छान आहे" म्हणत. ठेचा छान होता हे खरं, पण त्यांचं म्हणणं खोटं होतं. नंतर नंतर मी त्यांच्यासाठी गुळाचा खडा ठेवायला लागले. अंमलदार माणूस वस्तीत पंगतीला बसतो, तेही गाजावाजा न करता, हे आम्हांला नवीन होतं. त्यांनी ते कधी उपकारासारखं केलं नाही. भूक लागली की बसायचे.

आता मूळ गोष्टीकडे येते.

गावाच्या आणि वस्तीच्या मध्ये एक पेंडीची गिरणी होती. सरकीचं तेल काढल्यावर जी पेंड उरते, तिच्यातलं उरलंसुरलं तेल काढायला शेटजींनी तिथे नवीन शेड उभारली. ते तेल एका पातळ औषधानं धुऊन काढतात. त्याला सगळे सालव्हन म्हणायचे. पेट्रोलच्या जातीचं, लोखंडी पिंपांतून यायचं. माझा उत्तम तिथेच कामाला लागला, पिंपं गडगडवत नेण्याच्या कामावर. वस्तीतली आणखीही माणसं लागली. आम्हांला आनंद झाला. काम दारात आलं होतं.

त्याच सुमाराला साहेबांची फिरती दुसऱ्या तालुक्यात लागली आणि ते बरेच दिवस आले नाहीत. आणि एका सकाळी आडाच्या पाण्याला वास आला. नेहमीपेक्षा जास्त. जरा गोडसर, नाकात चढणारा. वस्ती खूश. शेजारची भागीरथी म्हणाली, "पावडरसाहेब गुपचूप येऊन टाकून गेले वाटतं." मी म्हटलं, "या खेपेला पोतंच उपडं केलंय त्यांनी. विजारीवर काही सांडलं नसल." वास दिवसेंदिवस वाढला, तसा आमचा विश्वासही वाढला. पोरांना मुद्दाम तेच पाणी पाजायचो.

सुलोचना नवीन लग्न होऊन आली होती. तिला सकाळी उठली की डोकं जड व्हायचं, चुलीपाशी बसली की भोवळ यायची, अन्न नको वाटायचं. आता नव्या सुनेला असं व्हायला लागल्यावर वस्तीतल्या बायांनी काय समजायचं? सगळ्यांनी एका सुरात माझं अभिनंदन केलं. कुणी चिंचा आणून दिल्या, कुणी भाजलेली माती. मी तिला कामाला हात लावू देईना. रांजणाशेजारी गारव्याला निजवायची आणि म्हणायची, पाणी पी, सरकारी आहे, लेकराला चांगलं. (सुलोचना म्हणते, हे लिहायला नको. लिही म्हणलं. तुझ्याच डोळ्यांदेखत घडलंय.)

मग एक दिवस साहेब आले. सायकल लिंबाला टेकवतात न टेकवतात तोच भागीरथीने गाठलं. "साहेब, या खेपेला पावडर लई जोरात टाकली तुमी. नाकातून पाणी येऊन राहिलं."

साहेब म्हणाले, "कोणती पावडर?"

"आडात टाकली ती."

"मी दिवाळीनंतर आज येतोय, बाई."

भागीरथी हसली. तिला वाटलं, साहेब थट्टा करायला शिकले. साहेब मात्र बूट न काढता माझ्या घरात शिरले. एरवी उंबऱ्यावर बूट काढल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. रांजणावरचं झाकण काढलं, वास घेतला आणि झाकण हातात धरूनच उभे राहिले. शेजारी सुलोचना पडलेली. कोपऱ्यात रॉकेलची चिमणी जळत होती. त्यांनी आधी चिमणी फुंकली, मग मला विचारलं, "हिला काय होतंय?"

मी म्हटलं, "चांगलंच होतंय. दिवस गेलेत."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

साहेबांनी तिला बाहेर लिंबाखाली झोपवायला लावलं, आणि त्याच दुपारच्या एसटीने आम्हां दोघींना घेऊन कळमनुरीच्या दवाखान्यात गेले. दिवस गेलेले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचं ऐकलं आणि म्हणाल्या, ते पाणी आधी तोडा. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तेव्हा कळमनुरीलाच राहायच्या. त्यांनी सुलोचनाला आपल्या घरी ठेवून घेतलं. परतीला मी त्यांच्या दारात उभी राहिले तर म्हणाल्या, "आत या, काहून बाहेर उभ्या?" एवढंच बोलल्या. चार दिवसांत पोरीचं डोकं हलकं झालं. घरचं पाणी सुटलं तेव्हा हलकं झालं, हे समजायला शाळा लागत नाही.

साहेबांनी गिरणीच्या कुंपणाशी जाऊन बघितलं. पिंपं आमच्याच बाजूला रचलेली, त्यांतली काही गळकी. हौदाचं सांडपाणी एका उघड्या खड्ड्यात सोडलेलं, खड्डा मुरमाचा. मुरूम पाणी धरत नाही, पिऊन खाली सोडतो. खाली आमचा आड. साहेबांनी बाटल्या भरून तपासायला पाठवल्या आणि वस्ती जमवून सांगितलं, की आजपासून या आडाचं पाणी प्यायचं नाही.

कुणी हललं नाही. आणि सगळ्यांत पुढे मी होते.

"मग कुठलं प्यायचं?"

"तूर्त कयाधू नदीच्या वाळूत झिरे करू. मग गावची विहीर आहे."

"त्या विहिरीवर मी जाणार न्हाई." मी बसूनच बोलले. "तिथं उभं राहून राहून माझी निम्मी उमर गेली. हा आड माझ्या मालकानं फोडलाय. याला वास येवो न्हाईतर आग लागो. अन् साहेब, वास आला की पाणी चांगलं, हे तुमीच सांगितलं ना? पोरांकडून म्हणून घेतलं ना? आज उलटं सांगून राहिले. उद्या आणखी काय सांगाल?"

मला वाटलं, साहेब आता सरकारी आवाज काढतील. ते उभे होते ते खाली बसले आणि म्हणाले, "बराबर आहे, गयाबाई. मी अर्धंच शिकवलं. चांगला वास कुठला, वाईट कुठला, हे शिकवायचं राहिलं. तुमी माझं ऐकलं म्हणून हे पाणी प्यालात. चूक माझी आहे. तुमचा आड मी घेऊन जात न्हाई. आड तुमचाच राहील, फक्त तो सध्या आजारी आहे असं समजा."

पंधरा-वीस माणसांसमोर, बायापोरांसमोर अंमलदार माणूस 'चूक माझी' म्हणतो, हे मी तोवर बघितलं नव्हतं. नंतरही बघितलं नाही. त्या दिवशी मी आडावरचा दोर सोडून घरात ठेवला. राग गेला नव्हता, पण दोर ठेवला.

मग उन्हाळा आणि नदीचे झिरे. कयाधूच्या वाळूत हाताने खड्डा करायचा, पाणी झिरपेपर्यंत बसायचं, वाटीवाटीने घागर भरायची. जाऊन येईस्तोवर ऊन डोक्यावर. म्हाताऱ्या माणसांचे हाल झाले. लोक म्हणू लागले, आडाला एवढं काय झालंय? आणि नेमका तेव्हा तपासणीचा कागद आला: पाण्यात जंतू नाहीत, पाणी पिण्यास योग्य.

बाटल्या गेल्या तिथे फक्त जंतू तपासायचे, एवढीच गोष्ट होती. जंतू असणार कसे? त्यांनाही भोवळ आली असेल. पण कागदावर शिक्का होता. शेटजी तो कागद घेऊन, सरपंचांना आणि दोन माणसांना बरोबर घेऊन थेट आडावर आले. साहेबही होते. शेटजी बोलायला गोड. म्हणाले, "देवणीकरसाहेब, गरीब लोकांना नदीवर कशाला पळवता? तुमच्याच खात्याचा कागद आहे. आणि गिरणीवर आळ आला, गिरणी थांबली, तर या पोरांची रोजी जाते. तकलीफ कुणाला? यांनाच."

उत्तम माझ्या शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "आई, आपल्या पोटावर येऊन राहिलं हे." वस्ती शेटजींकडे बघत होती. मला खरं सांगायचं तर त्या घडीला कागद खरा निघावा असंच वाटत होतं. आड परत मिळाला असता.

साहेबांनी वाद घातला नाही. माझ्याकडून दोर मागून घेतला, पोहरा पाण्याला टेकेल न टेकेल असा सोडला आणि नुसतं वरवरचं पाणी वर काढलं. त्यावर रंगीत साय तरंगत होती. सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि ते पाणी आडापासून लांब, उन्हात तापलेल्या एका दगडावर ओतलं. मग खिशातून काडीपेटी काढली आणि शेटजींपुढे धरली.

"शेटजी, पाणी पिण्यास योग्य आहे. पाणी काही पेटत न्हाई. त्या दगडाजवळ एक काडी ओढून दाखवा, मी आत्ता आड उघडतो."

शेटजींनी काडीपेटीकडे बघितलं, दगडाकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरले. तेवढंच. त्यांना त्या सालव्हनचे गुण आमच्यापेक्षा चांगले माहीत होते. सरपंचांनी ते मागे सरणं बघितलं, वस्तीने बघितलं, उत्तमने बघितलं. साहेबांनी काडीपेटी परत खिशात ठेवली आणि दगडावर माती लोटली. त्यानंतर कागदाचं नाव कुणी काढलं नाही. रसायनं तपासणाऱ्या दुसऱ्या ठिकाणाहून पुढे खरं तेच उत्तर आलं, पण आमच्यासाठी निकाल त्या दिवशीच लागला होता.

निकाल लागला म्हणजे पाणी मिळालं असं नाही. झिरे आटत चालले. गावची विहीर भरलेली, आणि मी जाणार नाही म्हणून बसलेली. माझ्यामागे वस्ती बसलेली. गावातलेही काही म्हणत, ओतून देऊ की पहिल्यासारखं. पहिल्यासारखं, हाच शब्द मला नको होता.

पाऊस लागायच्या आधी गावच्या विहिरीत दरसाल पावडर टाकायची असते. त्या दिवशी साहेब आधी वस्तीत आले. म्हणाले, "गयाबाई, पाणी मागायला चला असं म्हणत न्हाई. कामाला चला. विहीर ढवळायचीय, माणसं कमी आहेत. दोर तुमचा आणा, पोहरा तुमचा आणा."

मला त्यांचा डाव कळला. मी पदर खोचला.

विहिरीवर आम्ही सहा-सात बाया पोहरे घेऊन पोचलो, तर आधीच माणसं जमलेली. पाटलांच्या भावकीतले एक तात्या पुढे आले. "साहेब, ह्या बाया काहून आणल्या?"

"ढवळायला."

"त्यांचे पोहरे विहिरीत?"

"तुमचा द्या मग. तुमी ढवळा. या, तात्या, दोर धरा. पोहरा भरून वर, परत खाली. पाऊण तास."

तात्यांनी धरला. माणूस हट्टी, पण उमर झालेली. दहा-बारा खेपांत धोतर भिजलं आणि ते कठड्यावर टेकले. दुसऱ्याने धरला, त्याने सोडला. तिसरा धरायलाच आला नाही, त्याला शेताकडे काम आठवलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि एखाद्या कचेरीत नाव पुकारावं तसं म्हणाले, "गयाबाई, या."

मी पोहरा सोडला. त्या विहिरीचं पाणी मी तेव्हा पहिल्यांदा वरून बघितलं. एवढी वर्षं खाली घागर धरून ते फक्त पडताना बघितलं होतं. केवढं होतं. हिरवट, शांत, आणि त्यात आभाळ. माझे हात थांबले, तर साहेब म्हणाले, "ढवळा, बाई, पावडर खाली बसून राहिली." मग मी असं ढवळलं की विहिरीने नाव काढावं.

तासभर कुणी पाणी घ्यायचं नव्हतं. तो तास सगळे तिथेच बसून राहिले, ते एकीकडे, आम्ही एकीकडे, मध्ये साहेब. तास झाल्यावर साहेब उठून म्हणाले, "ज्यांनी ढवळलं त्यांनी आधी भरून घ्यायचं. नियम आहे." कुणी विचारलं नाही, कोणता नियम. आम्ही आमच्या हातांनी शेंदून आमच्या घागरी भरल्या आणि निघालो. दुपारपर्यंत तात्यांच्या घरच्याही घागरी गेल्या. ऊन होतं, तहान लागली होती. असा नियम कुठल्याच पुस्तकात नाही, हे साहेबांनी मला पुढे कधीतरी गुळाचा खडा खाताना सांगितलं.

पुढे सगळं गोडीगुलाबीने झालं, असं मी सांगणार नाही. आमच्या वाटेवर काटे टाकलेले सापडायचे. एकदा भागीरथीचा दोर कापलेला होता. पण तो सगळा पावसाळा साहेब रोज सकाळी सायकलवरून यायचे, पाण्याचा वास घ्यायचा म्हणून विहिरीवर उभे राहायचे आणि आमची शेवटची घागर भरली की जायचे. कुणावर ओरडले नाहीत, फौजदाराचं नाव घेतलं नाही. नुसते उभे राहायचे. याला कर्तव्यनिष्ठा म्हणतात, असं सुलोचना सांगते. आमच्यात याला चिवटपणा म्हणतात. तिच्या मते तिचा शब्द पुस्तकात बरा दिसतो, म्हणून दोन्ही लिहिले आहेत.

शेटजींकडे साहेबांनी तितक्याच चिवटपणे खेटे घातले. पिंपं हलली, खड्डा बुजला, सिमेंटचा पक्का हौद झाला. उत्तमला मात्र गिरणीतून काढलं. शेटजींचा आमच्यावरचा राग त्याच्यावर निघाला. साहेबांनी त्याला साथीच्या दिवसांत पावडरीच्या कामावर रोजंदारीवर घेतलं, आणि आता तो खात्यात आहे. म्हणजे आता आमच्या घरीच एक पावडरसाहेब आहे, आणि विजार धुवायला सुलोचना आहे.

साहेब नोकरीतून मोकळे झाले तरी आमच्या आडाच्या नोकरीतून मोकळे झालेले नाहीत. दर सालच्या उन्हाळ्यात आड उपसतो. उपसलेलं पाणी लांब नेऊन टाकतो. नवे झरे फुटले की साहेब येतात आणि पोहरा वर काढून बघतात. साय आता दिसत नाही. वास मला येत नाही, उत्तमला येत नाही, पण साहेब मान हलवतात. त्या पाण्याने कपडे धुवायला परवानगी आहे, प्यायला नाही. गावच्या विहिरीवर आमचे पोहरे आता कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, पाण्याची अडचण म्हणून राहिलेली नाही. तरी सकाळी दार उघडलं की मला आधी तो वाकडा कठडा दिसतो.

मागच्याच महिन्यात ते आले होते. सायकल चढावर हातात धरून आणली, हे मी बघितलं, त्यांनी सांगितलं नाही. बाटली भरून घेतली. मी विचारलं, "काय म्हणतोय आमचा आजारी?"

"सुधारतोय. पण अजून न्हाई, गयाबाई."

"अजून न्हाई, अजून न्हाई. माझ्या डोळ्यांदेखत व्हईल का न्हाई?"

साहेबांनी थोडा विचार केला. खोटं आश्वासन त्यांना देता येत नाही, ठेचा सोडून. माझी नात, सुलोचनाची पोरगी, अंगणात खेळत होती. तिच्याकडे बघून म्हणाले, "हिच्या लग्नाची पंगत याच पाण्यावर उठवू, असं म्हणायला हरकत न्हाई. तोवर मी येऊन बघत जाईन."

आता साठीच्या लेखात शेवटी आयुष्य मागायचं असतं, असं समितीच्या मंडळींनी सांगून ठेवलंय. देवाकडे मागायची पद्धत आमच्यात राहिलेली नाही. म्हणून जे मागायचं ते मी थेट साहेबांकडेच मागते. साहेबांनी तब्येत सांभाळावी. उन्हात सायकल हाकू नये. वहिनी सांगतील ते औषध मुकाट घ्यावं. आमच्या आडाला 'पिण्यास योग्य' असा शिक्का कुणी मारून आणला तरी मी तो घेणार नाही, ते साहेबांच्याच तोंडून ऐकायचंय. आणि पोरगी अजून तीन वर्षांची आहे. तिची आई तिला मॅट्रिकच्याही पुढे शिकवणार म्हणते, म्हणजे लग्न चांगलं उशिरा होणार. साहेबांनी आपल्या आयुष्याचा अंदाज तसा धरून चालावं.

(सौ. सुलोचना यांनी लिहून घेतले)